चुलीपाशी उभे राहू नये

कलमकाकांना ग्रंथ वाचून दाखवण्याचं काम काकूंच्या गळ्यात पडलं ते काकांच्या डोळ्यांमुळे. डोळ्याच्या पडद्याचं काहीतरी दुखणं होतं. माणसं दिसायची, दारं दिसायची, डब्याच्या तळाशी काय उरलंय तेही बरोबर दिसायचं, फक्त छापलेलं अक्षर दिसत नव्हतं. काकांची उभी हयात कचेरीत नियमांच्या पुस्तकावर गेलेली. कुणी रजा मागितली की हे कलम सांगायचे, कुणी पंखा मागितला की पोटकलम. तेव्हा चिकटलेलं कलमकाका हे नाव निवृत्तीनंतरही सुटलं नाही. कचेरीचं पुस्तक कचेरीतच राहिलं आणि घरात नियम सांगायला काहीतरी हवं, म्हणून काकांनी माळ्यावरचा धर्मग्रंथ खाली काढला. म्हणजे काढला काकूंनीच, स्टुलावर चढून. काका स्टूल कसं धरायचं असतं ते खालून सांगत होते, धरत नव्हते.

स्वतःचा सकाळचा चहा झाला की काका आरामखुर्चीत डोळे मिटून म्हणायचे, "हं, वाच." काकू वाचायच्या. हरवलेलं गाढव सापडलं तर ते कुणी कुणाला परत करावं, शेजाऱ्याच्या विहिरीत आपलं भांडं पडलं तर काढायचं कुणी, धान्य मोजताना तोंड कुठल्या दिशेला असावं. पानंच्या पानं हेच. काका मधूनमधून "वा! काय दृष्टी आहे!" म्हणायचे आणि काकूंचा चहा गार व्हायचा.

एका सकाळी असंच गाढवाचं प्रकरण चाललं होतं. समोर काकांचा रिकामा प्याला, त्यात एक माशी. काकू काही पाखंडी वगैरे नव्हत्या हो, नुसत्या दमल्या होत्या. सूर न बदलता, पानावरची नजर न हलवता त्यांनी वाचलं, "ज्याने प्याला रिकामा केला, त्यानेच तो विसळावा."

काकांनी डोळे उघडले. "काय म्हणालीस?"

"मी कुठं काय म्हणतेय? ग्रंथ म्हणतोय."

"पुन्हा वाच बघू."

काकूंनी पुन्हा वाचलं.  काका उठले, प्याला घेऊन मोरीत गेले आणि विसळून पालथा घालून आले. लग्नाला इतकी वर्षं झाली, काकूंनी असं दृश्य स्वप्नातदेखील पाहिलं नव्हतं. त्या पदराआड हसल्या आणि मग त्यांना एकाएकी रडू आलं. त्यांचं बोलणं आजवर भिंतीवर आपटून परत यायचं, आणि तेच शब्द ग्रंथाच्या नावावर खपवले तर हा माणूस नळाखाली हात धरतो! एवढी वर्षं हे सुचलं नाही म्हणून त्यांना स्वतःचाच राग आला.

मग काय, ग्रंथात रोज भर पडू लागली. ओलं वस्त्र अंथरुणावर टाकणाऱ्याचं पुण्य त्या वस्त्रातून निथळून जातं. दिवेलागणीनंतर घरात परक्यांची भांडणं मोठ्या आवाजात ऐकू नयेत. टीव्हीवरच्या चर्चा त्याच दिवशी बंद झाल्या. काका भारावून गेले. "अगं, हजारो वर्षांपूर्वी यांना टॉवेल माहीत होता, टीव्ही माहीत होता! आणि लोक म्हणतात, जुन्या ग्रंथांचा आता काय उपयोग!"

"म्हणेनात का लोक," काकू म्हणायच्या. "तुम्ही टॉवेल वाळत घाला."

तिथंच थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण काकूंचे गुडघे गेले होते. दवाखान्यातल्या बाईंनी त्यांना संध्याकाळी तलावात कमरेइतक्या पाण्यात चालायला सांगितलं होतं आणि नेमकी तीच वेळ काकांच्या गरम जेवणाची. काकूंनी दोन दिवस विचार केला. 'चुलीपाशी उभं राहिलं नाही तरी चालेल' असलं काही मोघम वाचलं असतं, तर काकांनी ते ऐकल्यासारखं करून सोडून दिलं असतं. सवलत या माणसाने जन्मात कुणाला दिली नव्हती. त्याला कळायची ती फक्त मनाई. म्हणून काकूंनी गळा साफ करून वाचलं, "साठी उलटलेल्या स्त्रीने चुलीपाशी उभे राहू नये."

काकांचा चेहरा पडला, पण कलम ते कलम. त्या दिवसापासून जेवणाचा डबा ज्येष्ठांच्या मंडळातून येऊ लागला. काका मंडळाचे चिटणीस होते. मंडळाचं छोटं कँटीन होतं आणि ते सगळ्यांची मावशी एकहाती चालवायची. नवरा कधीच गेलेला, पोरबाळ नाही. कँटीनमागची खोली मंडळाने राहायला दिलेली, तेच तिचं घर. बाईच्या हाताला चव होती आणि जिभेला धार. काकू तलावात चालू लागल्या, गुडघे नरमले, आणि घरी आल्यावर आयतं जेवायला मिळू लागलं. त्या दिवसांत काकू खरोखर सुखात होत्या.

मंडळाच्या वार्षिक सभेत परिसंवाद ठरला. विषय, प्राचीन ग्रंथ आजच्या जीवनात उपयोगी आहेत का. अध्यक्ष म्हणून डॉक्टरसाहेब आले. ते ग्रंथावर प्रबंध लिहून डॉक्टर झाले होते. गेल्या खेपेला एका सभासदाने त्यांना खोकला दाखवला होता. काका उभे राहिले आणि त्यांनी प्याल्यापासून सुरुवात केली. टाळ्या. टॉवेल. आणखी टाळ्या, विशेषतः बायकांच्या बाजूने. मग काका रंगात आले आणि त्यांनी चुलीचं वचन घेतलं.

काकूंच्या पायांखालची जमीनच सरकली. डॉक्टरसाहेब समोर बसले होते. आता हे उठणार आणि म्हणणार, असं ग्रंथात कुठं आहे? डॉक्टरसाहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, छताकडे पाहिलं, आणि सभा त्यांच्याकडे पाहतेय हे लक्षात आल्यावर सावकाश मान डोलावली. "उत्तर भागात आहे. किंचित पाठभेद आहे, पण आहे. अत्यंत महत्त्वाचं वचन. अग्नी आणि वार्धक्य यांचा संबंध आपल्या पूर्वजांनी किती बारकाईने…" पुढं ते बराच वेळ बोलले.

सभा संपता संपता एका सभासदाने हात वर केला. "पण मग आपल्या मावशीचं काय? तिची तर साठी होऊन गेली."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. काका चिटणीस होते आणि नियमाला अपवाद करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. ठराव तिथल्या तिथं झाला. मावशीला मंडळातर्फे पुष्पगुच्छ देऊन सन्मानाने मोकळं करावं, आणि नवीन बाईच्या सोयीसाठी मागची खोली रिकामी करून घ्यावी. विरोधात एकही हात वर झाला नाही. काकूंचा हात मांडीवरून उचलला गेला होता, पण दोघांपैकी सभासद फक्त काका होते.

मावशी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. "मला कशाला सन्मान?" ती म्हणाली. "मी कधी तक्रार केली का? आणि खोली सोडून मी जाऊ कुठं?"

"तुझ्या भल्याचंच आहे, मावशी," काका म्हणाले. "ग्रंथात आहे."

घरी आल्यावर काकूंनी चप्पलसुद्धा काढली नाही. "अहो, ऐका. ते चुलीचं ग्रंथात नाही. मी रचलं."

"काय रचलं?"

"सगळंच. प्याला, टॉवेल, चूल. माझे गुडघे दुखत होते म्हणून."

काका मोरीत पाण्याचा पेला विसळत होते. तो पालथा घालून त्यांनी वळून काकूंकडे पाहिलं आणि मनापासून हसले. "तू? अगं, तू वाचतेस फक्त. रचायला तपश्चर्या लागते."

"देवाशपथ सांगते!"

"डॉक्टरसाहेबांनी भाग सांगितला, पाठभेद सांगितला. ते खोटं बोलतील?"

काकू दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेबांकडे गेल्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, दार लोटलं आणि म्हणाले, "हे बघा काकू, माझं नवं पुस्तक छापायला गेलंय. त्यात काल रात्रीच एक अख्खं प्रकरण या वचनावर घातलंय. आता ते नाही असं कसं म्हणता येईल?"

"पण मी रचलंय ना ते!"

"तुम्ही रचलंत, मान्य. पण तुमच्याकडून कुणी रचून घेतलं, हा खरा प्रश्न आहे."

काकू घरी आल्या त्या जळफळतच. त्यांना या शहाण्यांची चीड आली होती, आणि त्याहून जास्त स्वतःची. आपल्या गुडघ्यांपायी एका बाईच्या डोक्यावरचं छप्पर जात होतं. आता पुरे झाला हा खोटेपणा, त्यांनी ठरवलं. दुपारी काका झोपले की काकू ग्रंथ घेऊन बसू लागल्या. गाळत, उड्या मारत नाही. पहिल्यापासून, ओळ न ओळ. गाढवं संपली, विहिरी संपल्या, आणि कुणी कधी उघडलंच नसेल अशा भागात, पानं एकमेकांना चिकटलेली होती तिथं, त्यांना ते सापडलं. छापलेलं. स्वच्छ अक्षरांत. 'जो एकट्या स्त्रीच्या हातचे काम काढून घेतो, त्याची प्रार्थना त्याच्या छपराच्या वर जात नाही.'

काकूंनी ते पुन्हा पुन्हा वाचलं.  त्यांना ते लिहिणाऱ्या, कधी न पाहिलेल्या जुन्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

निरोपाच्या सभेला मावशी धुतलेलं लुगडं नेसून खुर्चीत बसली होती. खोलीतलं सामान बाहेर व्हरांड्यात आलं होतं. काकू ग्रंथ छातीशी धरून थेट माइकपाशी गेल्या आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी वाचून टाकलं. 

सगळ्यात आधी काका उठले. "हे ग्रंथात नाही."

"अहो, हे काय समोर आहे!"

"मी रोज ऐकतो. असलं एकही वचन माझ्या कानावरून गेलेलं नाही. ग्रंथाची भाषा माझ्या कानात बसलीय. प्याला, वस्त्र, चूल… कसं सुटसुटीत असतं! हे कसं, रडकं वाटतं."

डॉक्टरसाहेबांनी हात पुढं केला, पान न पाहताच मागं घेतला. "काका बरोबर सांगतायत. हे मागाहून घुसडलेलं आहे. कुणाच्या तरी सोयीसाठी."

"एकदा वाचा तरी! कुणीतरी वाचा!" काकू पान उघडं धरून पहिल्या रांगेपुढून फिरल्या. एकाचा चष्मा घरी राहिला होता. दुसऱ्याला आपल्या लोकांच्या भांडणात पडायचं नव्हतं. तिसरा म्हणाला, "काकू, बसा आता, फोटो काढायचाय."

फोटो निघाला. मावशीला पुष्पगुच्छ मिळाला. काकांनी ग्रंथ आजही किती लागू पडतो यावर आभाराचं भाषण केलं आणि लोक चहाला गेले. चहा नवीन बाईने केला होता. तो पाणचट झाल्याची कुजबुज झाली, पण कुणी मोठ्याने बोललं नाही.

व्हरांड्यात मावशी पातेल्यात पातेली घालत होती. काकू तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. गुडघ्यातून कळ गेली.

"मावशी, मला शिव्या दे. चुलीचं ते मी रचलं होतं. माझ्या मनाचं. आणि आजचं खरं होतं गं. अक्षर न अक्षर ग्रंथातलं."

मावशीचे हात थांबले.  मग पुष्पगुच्छ सगळ्यात वरच्या पातेल्यात कोंबून तिने झाकण दाबलं.

"म्हणजे तुमच्या कामाला तुम्ही रचलंत," ती म्हणाली, "आणि माझ्या वेळेला खरं वाचलंत होय?"