दर्यासम्राटचा पंप

बोटीवर कप्तानाचा शब्द शेवटचा असतो. जगातल्या सगळ्या समुद्रांवर हा नियम पाळला जातो, असं आमच्या इमारतीतले कोरगावकर मला नेहमी सांगत. त्यांच्या स्वतःच्या बोटीवर मात्र शेवटचा शब्द पंपाचा असे. कप्तान बोलायचे थांबले, की बाकाखालून ‘टर्रर्र’ असा आवाज येई आणि विषय संपे.

कोरगावकरांनी निवृत्त झाल्यावर ही जुनी शिडाची बोट गोव्याला परत चाललेल्या एका गृहस्थाकडून घेतली आणि गोराईच्या खाडीत आणून उभी केली. सोनेरी अक्षरांत नाव घातलं ‘दर्यासम्राट’. ओहोटी लागली की हा सम्राट एका कुशीवर चिखलात आडवा होतो. दिवसातून दोनदा. कोरगावकर त्याला विश्रांती म्हणतात.

त्यांचा समुद्राशी त्याआधी काही संबंध नव्हता. उभा जन्म त्यांनी विमा कंपनीत दावे तपासण्यात घालवला. कुणाचं गोदाम जळालं की हे जात आणि ते आपोआप का जळालं नसावं, याचा शोध घेत. त्यातून त्यांना एक तत्त्व सापडलं होतं: “संशय घ्यावा, पण क्रमाने.” हे तत्त्व ते कशालाही लावत. एकदा त्यांचं वर्तमानपत्र नाहीसं झालं, तेव्हा त्यांनी आधी पेपरवाला, मग वॉचमन, मग दुसऱ्या मजल्यावरचा कुत्रा अशा क्रमाने संशय घेतला. पेपर त्यांच्याच सोफ्यावर, त्यांच्याच खाली होता. “पण सापडला क्रमाने,” ते म्हणाले.

बोट आल्यावर सोन्याचा नांगर असलेली टोपी आली आणि भाषाही बदलली. घरातला पॅसेज डेक झाला, स्वयंपाकघर गॅली झालं. बैठकीतून ते विचारत, “गॅलीत चहा आहे का?” आतून शुभदावहिनी सांगत, “गॅलीत नाहीये. ओट्यावर आहे. उठा आणि घ्या.” मग कप्तान उठत.

वहिनींची एक सवय होती. आमच्याकडे पूर्वी पहाटे थोडाच वेळ पाणी यायचं. ते कधी येईल याचा भरवसा नसे. म्हणून वहिनी निजताना मोरीतला नळ जरासा उघडा ठेवून त्याखाली रिकामं पातेलं ठेवत. पाणी आलं की स्टीलवर वाजे, त्या उठत आणि पिंप, हंडे, बादल्या भरत. त्या आवाजाने कोरगावकरही जागे होत आणि कूस बदलून पुन्हा झोपत. पुढे सोसायटीने मोठी टाकी बांधली, चोवीस तास पाणी झालं, तरी वहिनींचा हात मोरीत गेला की नळावर जाई. बोटीवर पहिल्यांदा मुक्कामाला गेल्या, तेव्हा त्यांनी तिथेही हेच केलं. पंप रात्रभर वाजत राहिला आणि सकाळी टाकी कोरडी. कोरगावकरांनी त्यांना समजावलं, की अगं, ही बोट आहे, इथे पाणी येत नाही, आपण आणतो. वहिनी म्हणाल्या होत्या, “सवयीने झालं हो.” पुढच्या मुक्कामालाही सवयीनेच झालं.

दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं होतं. कोरगावकरांनी यात कुणावरही संशय घेतला नाही.

मुलगा निनाद बेंगळुरूला असतो. या वयात बाबांनी एकट्याने बोटीवर जाऊ नये, असं त्याचं म्हणणं, आणि ते चुकीचं नाही. त्याने ठाण्याचे एक डॉक्टर गिऱ्हाईक म्हणून शोधले. डॉक्टर बोट पाहायला आले, खूश झाले, केबिनमध्ये चहाला बसले आणि बाकाखालून टर्रर्र झालं. थोड्या वेळाने पुन्हा. हा पंप गोड्या पाण्याचा. त्याचा स्वभाव सरळ आहे. नळ उघडला की नळीतला दाब उतरतो आणि पंप सुरू होतो; नळ बंद केला की दाब भरतो आणि तो थांबतो. नळ बंद असूनही तो मध्येच सुरू होत असेल, तर पाणी कुठून तरी जातंय. बोटीत पाणी कुठून तरी जातंय, हे वाक्य डॉक्टरांना आवडलं नाही. आधी एवढं शोधून काढा, मग बोट घेतो, असं ते म्हणाले.

“रास्त आहे,” कोरगावकर म्हणाले. “सदोष बोट मी कुणाच्या गळ्यात मारणार नाही.”

मग दर रविवारी शोध सुरू झाला. मेकॅनिक आले. व्हॉल्व्ह बदलला, क्लिपा बदलल्या, शेवटी आख्खा पंप नवीन बसवला. नवीन पंपही आपोआप वाजू लागला. निनाद फोनवर वैतागला. शेवटी पाळी माझ्यावर आली.

“मेकॅनिककडे ज्ञान आहे रे, संशय नाही,” कोरगावकर मला म्हणाले. “तू शाळेत जन्मभर कॉप्या पकडल्यास. चल, मास्तर.”

भरती पाहून आम्ही बोटीवर गेलो. त्यांनी पंपाचं मुख्य बटण दाबलं, टॉर्च धरला, आणि मी बाकाखाली शिरून प्रत्येक सांध्याला कोरडा टिशू गुंडाळत गेलो. जो ओला होईल तो गुन्हेगार. एकही ओला झाला नाही. गॅलीतला नळ घट्ट बंद होता. पंप माझ्या कानाशी टर्रर्र करून गप्प झाला. तेवढ्यात मला दिसलं, की नळीला पुढे फाटा फुटतोय. एक नळी गॅलीकडे, दुसरी लाकडी फळीतून पुढच्या टोकाला.

“ही कुठे जाते, कोरगावकर?”

त्यांनी टोपी काढून तिच्यावरचा नांगर पुसला. “पुढे मोरी आहे. वापरात नाही. दोऱ्या टाकल्यात तिथे.”

“तिच्यावर संशय घेतला का कुणी?”

“तिचा क्रम शेवटी आहे.”

“शेवट आला,” मी म्हणालो आणि दार उघडलं.

दोऱ्या नव्हत्या. बालदीएवढं बेसिन, लख्ख पुसलेलं. नळ जरासा उघडा. त्याखाली घरातलं स्टीलचं पातेलं, काठावर नाव कोरलेलं, ‘सौ. शुभदा’. सुताएवढी धार त्यात पडत होती आणि भरलेलं पातेलं सावकाश ओसंडत होतं. ते पाणी बेसिनमधून थेट खाडीत जात होतं. नळ बंद करायला मी हात पुढे केला.

“राहू दे,” मागून कोरगावकर म्हणाले.

मी वळलो. ते बाकावर बसले होते, टोपी मांडीवर.

“घरी ठेवून पाहिला मी तसा नळ,” ते म्हणाले. “पण आता चोवीस तास पाणी आहे ना. तो नुसता वाहतो. इथे थांबून थांबून वाजतं. कुणी उठल्यासारखं.”

शाळेत अशा वेळी मी पेपर काढून घेत असे. पंप सुरू झाला. कोरगावकरांनी डोळे मिटले आणि बसल्या जागी जरा कूस बदलली. तो थांबल्यावर मी मोरीचं दार होतं तसं लावून घेतलं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर आले. त्रयस्थ म्हणून त्यांनी मला बाजूला घेतलं आणि नक्की काय बिघाड आहे ते विचारलं. कोरगावकर पाठ करून शिडाची दोरी गुंडाळत होते. ती आधीच गुंडाळलेली होती. मी सांगितलं, की बोट जुनी आहे, गळती कुठेही असू शकते, मला सापडली नाही. डॉक्टरांनी हल्ली अलिबागकडे दुसरी बोट पाहिली आहे म्हणतात.

निनाद आता मला फोन करतो. काका, लागला का शोध? मी सांगतो, क्रमाने चाललंय. तुम्ही बरोबर असता म्हणून बरं वाटतं, असंही तो म्हणतो.

दर्यासम्राट गोराईतच आहे. जेट्टीवर नळ नाही, त्यामुळे टाकीचं पाणी बोरीवलीहून न्यावं लागतं. दर रविवारी दोन कॅन, एक त्यांचा, एक माझा. माझा उजवा खांदा धरला आहे. त्याचं निदान मात्र हाडांच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत केलं.