अध्यक्षांचा माइक

"आई, तूच मला अमेरिकेत आणलंस, आणि आता अमेरिकन झाले म्हणून तूच ओरडतेस?" हे वाक्य उर्वीने सात वेळा खोडून लिहिलं होतं. नेपरव्हिलच्या मराठी मंडळाच्या दीडशे प्रेक्षकांना त्यातलं "आई, तूच मला" एवढंच ऐकू आलं. पुढे स्टेजवर मुलीचं काम करणाऱ्या अंतराचे नुसते ओठ हलले.

उर्वी विंगेतच गरकन वळली. "बाबा, माइक गेला."

"माइक अगदी बरोबर चाललेत," तिचा बाबा, शंतनू, लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणाला. तो वायरलेसमधला इंजिनियर. गेल्या संक्रांतीला सगळे माइक एकमेकांत घुसून किंचाळले होते, म्हणून या वर्षी त्याने स्वतःची सिस्टिम बनवून आणली होती. "प्रत्येक माइक आधी कानोसा घेतो. अध्यक्षांचा माइक मालक, बाकीचे पाहुणे. मालक बोलला की पाहुण्यांनी आपली ताकद कमी करायची."

मालक पहिल्या रांगेत बसले होते. विवेककाका, हातात माइक. अंतराच्या वाक्याला त्यांनीच अर्ध्यातच मनापासून "वा! वा! वा!" सुरू केलं होतं.

"म्हणजे काका बोलले की माझे अ‍ॅक्टर्स म्यूट?"

"म्यूट नाही गं, नम्र."

"मग काकांची प्रायॉरिटी काढ ना."

"कशी काढू? कोणी मधे बसून हुकूम देतच नाही. प्रत्येक माइक आपलं आपण ठरवतो. तीच तर गंमत आहे."

"मग त्यांच्या हातातून माइक घे."

बाबाने पहिल्यांदाच मान वर केली. "विवेककाकांच्या हातातून? बरी आहेस ना?"

काका अध्यक्ष झाल्यापासून नऊ वर्षांत ते धाडस कोणी केलं नव्हतं. शिवाय दिवाळीचं मुख्य नाटक मुलांना द्यायचं की नाही, हे काका आजच जाहीर करणार होते. त्यामुळे काकांना हे नाटक आवडणं भाग होतं, आणि काकांना ते आवडत होतं, हाच सगळा घोटाळा होता. वाक्य जितकं चांगलं, तितकी दाद मोठी, आणि तितकं ते कमी ऐकू यायचं. "आई, कचरा टाकून आले" हे मात्र शेवटच्या रांगेपर्यंत खणखणीत पोचलं.

काकांचं तोंडच बंद करायला हवं होतं. उर्वी ताटली घेऊन धावली. "काका, तिळाची चिक्की घ्या ना."

कडाम्.

चिक्की आणि भाषण यांतला फरक माइकला कळत नव्हता. नाटकातलं आख्खं भांडण त्या कडाम्-कुडूमखाली गेलं. "फर्स्ट क्लास झालीये. अजून एक दे," काका म्हणाले. हे सगळ्या हॉलने ऐकलं.

पडदा पडला. काका स्टेजवर आले, "आपल्या बाल कलाकारांनी" म्हणाले, आणि त्यांचा माइक बंद पडला. विंगेतून बाबा आनंदाने कुजबुजला, "बॅटरी संपली. तोच एकटा सगळा वेळ फुल पॉवरवर होता ना. बाकीचे बघ, अजून नव्वद टक्के."

काकांना पत्ताच नव्हता. ते बोलतच राहिले, आणि हॉल सवयीने माना डोलावत राहिला. शेजारी उभ्या असलेल्या उर्वीला तेवढं ऐकू येत होतं. "नाटक उत्तम. पण मुलांचा आवाज काही पोचत नाही. तेव्हा दिवाळीला मोठ्यांचंच नाटक ठेवू या."

उर्वीने अंतराच्या हातातला माइक घेतला. मालक गप्प होता, त्यामुळे पाहुण्याने लगेच पूर्ण ताकद लावली.

"विवेककाका म्हणतायत," तिचा आवाज थेट पार्किंगपर्यंत गेला, "की दिवाळीचं मुख्य नाटक आम्हा मुलांचं."

हॉलने टाळ्यांचा नुसता कडकडाट केला. काका उर्वीकडे वळले. त्यांनी माइक तोंडाशी नेला. ओठ बराच वेळ हलत राहिले.

काकांचा गळा दाटून आलाय असं वाटून लोक उभे राहिले आणि आणखी जोरात टाळ्या वाजवू लागले.