साळवेकाकांचे आगाऊ आभार

आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद पडून पंधरवडा झाला होता, तेव्हाची गोष्ट. चौथ्या मजल्यावरचे साळवेकाका घरोघरी आमंत्रण देत आले. "रविवारी संध्याकाळी उपकारस्तुती आहे. लिफ्ट दुरुस्त झाल्याबद्दल. बिर्याणी आहे, पोटात जागा ठेवून या."

"पण काका, लिफ्ट तर बंदच आहे," मी म्हणालो.

"मी मागितलंय ना? मग झालं समजा!"

रविवारी अख्खी बिल्डिंग धापा टाकत चार जिने चढली आणि लिफ्टबद्दल आभार मानून आली. तळमजल्यावरच्या जोशीआजी मध्ये दोनदा पायरीवर टेकल्या. बिर्याणी मात्र फर्मास होती, त्यामुळे उतरताना कोणी कुरकुर केली नाही. लिफ्ट पुढच्या महिन्यात सुरू झाली, तेव्हा काका बटण दाबून सगळ्यांना दाखवत होते, "बघा, म्हटलं नव्हतं?"

उपकारस्तुती म्हणजे ख्रिस्ती घरांतला आनंदाचा कार्यक्रम. काही चांगलं घडलं की चार माणसं बोलवायची, गीतं गायची, देवाचे आभार मानायचे आणि जेवायचं. इतर लोक हा कार्यक्रम काम झाल्यावर करतात. काका आधीच उरकून टाकतात. "मिळाल्यावर थँक्यू कोणीही म्हणेल," ते म्हणतात. "त्यात विश्वास कुठे आला?"

काका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सगळी नोकरी बसस्टँडवरच्या माइकसमोर गेली. रिटायर झाल्यावर माइक सुटला, आवाज तेवढाच राहिला. ते आमच्या घराच्या बरोबर वरच राहतात, त्यामुळे त्यांची सकाळची प्रार्थना आम्हाला चहाबरोबर मिळते. "बापा, लक्ष असू दे! इंदिरानगर, बी विंग, तिसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताला, सुधीर कुलकर्णी. याचं पित्त वाढलंय." माझं पित्त असं सगळ्या कॉलनीला ठाऊक झालं.

"देवाला पत्ता माहीत नसतो का हो?" मी एकदा विचारलं.

"माहीत असतो रे. पण गर्दी किती! आपण नीट सांगावं."

माझी बायको घोटीच्या शाळेत शिक्षिका होती. तिची बदली इथे नाशिकला व्हावी म्हणून काकांनी मागितलं, आभार मानले, केकही कापला. बदली झाली ती पिंपळगाव बसवंतला. घोटी एका टोकाला, तर पिंपळगाव दुसऱ्या. बायको आदेश हातात घेऊनच वर गेली. काका जराही डगमगले नाहीत. "घोटी सुटलं की नाही? व्हाया पिंपळगाव पाठवलंय. डायरेक्ट गाडी प्रत्येकाला मिळत नसते."

सुहासिनीकाकू शेजारी बसून हसत होत्या. काकू बुटक्या, मितभाषी. काकांच्या प्रत्येक प्रार्थनेला हळूच 'आमेन' म्हणायचं काम त्यांच्याकडे. "देवबाप यांचं ऐकतो," त्या म्हणाल्या, "कारण हे दुसऱ्या कोणाचं त्याच्या कानावर पडूच देत नाहीत." या दोघांना मूलबाळ नाही. घरात एक बोलायला आणि एक ऐकायला, असा त्यांचा संसार.

मागच्या वर्षी काकूंना जिना चढताना दम लागायला लागला. तपासण्या झाल्या. हृदयाची झडप बदलावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. बातमी कळल्यावर आम्ही सगळे आमंत्रणाची वाट बघत बसलो. एवढ्या मोठ्या कामाची उपकारस्तुती म्हणजे मांडवच पडणार, अशी माझी खात्री होती.

आमंत्रण आलं नाही. सकाळची प्रार्थनाही बंद झाली. आमच्या घरात चहाच्या वेळी भलतीच शांतता असायची आणि मला ती सोसेना. एक दिवस काका पार्किंगमध्ये स्कूटर पुसताना दिसले. मी विचारलं, "काका, उपकारस्तुती कधी?"

"या वेळी मागितलंच नाही मी."

"का?"

ते आरसा पुसत राहिले. "लिफ्टला नाही म्हणाला असता तर चाललं असतं. तुझ्या बायकोला त्याने भलतीकडे पाठवलं, तरी आमचं काही बिनसलं नाही. पण हिच्या बाबतीत नाही म्हणाला, तर सुधीर, मला पुन्हा त्याच्याशी बोलता यायचं नाही. ही नाही आणि त्याच्याशीही अबोला. मग मी बोलायचं कोणाशी?"

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी या माणसाच्या खात्रीची टिंगल करत होतो, आणि आज ती खात्री नाही म्हणून माझाच जीव घाबरला होता.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, गाडी किती वाजता काढायची ते विचारायला मी वर गेलो. काकूंनी मला दारातच थांबवलं. "अरे, यांना काहीतरी सांग. यांच्या आवाजाने जन्मभर कान किटले माझे. पण हे गप्प झाले की धडकी भरते. यांनाच भरवसा नाही, तर मी कोणाच्या जोरावर आत जाऊ?"

हॉस्पिटलमध्ये काकूंना तयार करत होते तेव्हा मी काकांना ते सांगितलं.  स्ट्रेचर बाहेर आलं. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, नुसतंच. काकांनी स्ट्रेचरची कड धरली, वॉर्डबॉय थांबला.

"बापा," काका म्हणाले. आवाज इतका बारीक, की मला पुढे सरकावं लागलं. "मला आज खात्री-बित्री काही नाही. पण हिला अंधाराची भीती वाटते. माझी सेकंड शिफ्ट असली की ही घरातले सगळे दिवे लावून बसायची. आत हिचे डोळे मिटतील, तेव्हा दिवा चालू ठेव. एवढंच."

"आमेन," काकू म्हणाल्या. "आता कसं!" आणि त्यांनी वॉर्डबॉयला चल म्हणून मान हलवली.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. सगळं व्यवस्थित झालं, म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. काका मात्र उठून त्यांच्यासमोर उभे राहिले.

"डॉक्टरसाहेब, आत दिवा चालू होता ना? शेवटपर्यंत?"

डॉक्टर गोंधळले. "ऑपरेशन थिएटर आहे काका. दिवे असणारच."

"तसं नव्हे. तुम्ही स्वतः पाहिलात ना?"

डॉक्टरांनी त्यांच्या चेहऱ्याकडे जरा वेळ पाहिलं. "पाहिला," ते म्हणाले. "चालू होता."

तेव्हा कुठे काका खुर्चीत बसले, आणि रडले.