मारेकरी कण, वरूड पट्टा

विज्ञान सोप्या मराठीत सांगितलं तर ते कुणालाही कळतं, असं तनवीरचं ठाम मत होतं. "लोक अडाणी नसतात, समजावणारा अडाणी असतो," हे वाक्य तो अमरावतीच्या कॉलेजात दर वर्षी पहिल्या तासाला खडू हातात घेऊन म्हणत असे. पोरं वहीत लिहूनही घेत. पुढे जे झालं, त्यानंतर त्याने हे वाक्य कुठेही म्हटल्याची नोंद नाही.

२००३ची दिवाळी नुकतीच आटोपली होती, रमजान सुरू झाला होता, आणि सूर्यावर भलंमोठं वादळ उठलं होतं. पहिल्या दोन गोष्टी सगळ्या गावाला ठाऊक होत्या. तिसरीने एकट्या तनवीरची झोप उडवली होती. पीएच.डी.साठी तो कण मोजत असे. म्हणजे मोजायचा उपग्रह, हा नुसते आकडे उतरवून घ्यायचा. पृथ्वीभोवती, हजारो किलोमीटर उंचावर, तिच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या वेगवान कणांचे दोन पट्टे असतात. त्यांतून जाताना उपग्रहावर किती कण आदळले ते आकडे खाली येतात, आणि तनवीर ते सायबर कॅफेत बसून फ्लॉपीवर घेत असे. त्या आठवड्यात आकडे असे चढले की त्याने कॉम्प्युटर बिघडला समजून शेजारचा मागितला. तिथेही तेच.

ही आनंदाची बातमी सांगावी कुणाला? बायको माहेरी होती. तेवढ्यात सागर भेटला. सागर त्याचा जुना विद्यार्थी, आता एका स्थानिक दैनिकात वार्ताहर. आतल्या पानावर एक कोपरा रिकामा आहे, काहीतरी द्या सर, असं तो म्हणाला. तनवीरने त्याला चांगलं वीस मिनिटं समजावलं. दोन पट्ट्यांमधली एरवी मोकळी असणारी जागाही आता कणांनी भरली आहे, हे आलेख काढून दाखवलं. हे कण उपग्रहांची यंत्रं निकामी करतात म्हणून शास्त्रज्ञ त्यांना 'किलर' म्हणतात, हेही उत्साहाच्या भरात सांगितलं. मराठीत काय लिहू, असं सागरने विचारलं तेव्हा तोच म्हणाला, "मारेकरी लिही." जाता जाता सागरने विचारलं, सर, तुम्ही मूळचे कुठले? तनवीर म्हणाला, वरूडचा.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये पेपर उघडला तर मथळा होता: 'पट्ट्यात मारेकरी कणांचा शिरकाव'. त्याखाली: 'वरूडच्या प्राध्यापकाचा इशारा'. बातमीत बाकी सगळं जागच्या जागी होतं, कण होते, वादळ होतं, तनवीरचा पासपोर्ट फोटोही होता. फक्त 'पृथ्वीभोवतीच्या' हा शब्द आणि उंचीची ओळ नव्हती. त्या जागी दिवाळीतून उरलेल्या साड्यांच्या सेलची जाहिरात बसली होती.

आता पुण्याच्या माणसाला पट्टा म्हटलं की कमरेचा आठवेल. वरूड-मोर्शीकडे पट्टा एकच, संत्र्याचा. पट्ट्यात पाऊस झाला, पट्ट्यात फळगळ लागली, पट्ट्यात व्यापारी उतरले, असं लोक रोज बोलतात. आज पट्ट्यात मारेकरी शिरले होते, आणि तेही ऐन आंबिया बहाराच्या तोडीत, म्हणजे फळं उतरवायच्या दिवसांत.

दहाच्या सुमारास कॉलेजच्या ऑफिसात त्याच्यासाठी फोन आला. पलीकडे जहीरचाचा होते. चाचा रागावले की उर्दूत बोलत, आणि फार रागावले की बोलतच नसत. त्या दिवशी ते एकच शब्द बोलले, "ये," आणि फोन ठेवला. तनवीरने मफलर उचलला आणि उरलेले तास सोडून एसटी स्टँडकडे निघाला.

त्याला कारण होतं. बाप लवकर गेल्यावर त्याला चाचांनी वाढवलं होतं, आणि चाचांना बागेने. गेल्या दोन उन्हाळ्यांत विहिरी आटल्या, शेजारच्या दोन बागा वाळून त्यांची लाकडं झाली. चाचांनी टँकरने पाणी आणून, झाडागणिक ओंजळ ओंजळ म्हणावं असं घालून आपली सहाशे झाडं जगवली. तनवीरची एम.एस्सी. याच झाडांवर पिकली होती. फळ आता रंगावर आलं होतं, थोडी गळही लागली होती. चार दिवसांत तोडलं नाही तर सगळं खाली येणार. अकोल्याचे व्यापारी महादेवराव आजच गाडी घेऊन यायचे होते.

एसटीत तो मफलर तोंडावर ओढून बसला, कारण पुढच्या बाकावरचा माणूस त्याचाच फोटो न्याहाळत होता. मोर्शी आली तशा लोकांनी खिडक्यांच्या काचा लावल्या. एका म्हातारीने डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला. कंडक्टरनं तिकिटांची पेटी छातीशी धरून सांगितलं की हे कण लोखंडातून आरपार जातात, काच काय घेऊन बसलात. तनवीरला वाटलं, उठावं आणि समजावून सांगावं. पण गेल्या वेळी समजावल्याला अजून चोवीस तास झाले नव्हते.

बागेच्या फाट्यावर महादेवरावांचा ट्रक उभा होता, तोंड अकोल्याकडे करून. तोडणीच्या बाया रिकाम्या टोपल्या पालथ्या घालून धुऱ्यावर, म्हणजे बागेच्या बांधावर, बसल्या होत्या. त्यांची मुकादम चतुराबाई, जिनं तनवीरला चड्डी घालायला शिकवलं होतं, त्याला पाहून उभीही राहिली नाही.

"तनूबाबू, तुमीच पेपरात लिवलं. आता तुमीच तोडा. आमी हात नाई लावत," ती म्हणाली.

तनवीरने गळ्यातला मफलर सोडला आणि शक्य तितक्या सोप्या मराठीत सुरुवात केली. पट्टा म्हणजे हा पट्टा नव्हे. तो वर आहे, फार वर. सगळ्यांनी वर पाहिलं. काही बायांनी टोपल्या डोक्यावर घेतल्या.

एवढ्यात शालिकराम वायरमन पुढे झाला. तो मोटारी दुरुस्त करत असे आणि त्याच्यापाशी मीटर होतं, त्यामुळे त्या घोळक्यात विज्ञान म्हणजे तोच. मीटरची एक काडी कधीच मोडली होती, तिच्या जागी त्याने जस्त चढवलेला खिळा बांधला होता. दुसरी तांब्याची. त्याने एक संत्रं तोडलं, दोन्ही टोकं त्यात खुपसली, आणि काटा हलला. नुसता हलला नाही, पाऊण व्होल्टाच्या पुढे जाऊन थरथरत उभा राहिला.

"करंट हाय," शालिकराम म्हणाला. त्याचा स्वतःचाही आवाज बसला होता.

बाया दहा पावलं मागे सरल्या. तनवीर मात्र सुखावला, कारण हे त्याला नेमकं येत होतं. आंबट रस, एकीकडे तांबं, दुसरीकडे जस्त, झाली बॅटरी! त्याने सगळ्यांना धीर दिला की घाबरायचं काही कारण नाही, हे प्रत्येक संत्र्यात होतं, गेल्या वर्षीच्याही होतं.

चतुराबाईने गालावर हात ठेवला. "म्हंजे मांगच्या सालीबी आमी करंटच खाल्ला?"

तनवीरने चाचांकडे पाहिलं. चाचा झाडाला टेकून उभे होते, दाढीतून एक शब्द बाहेर येत नव्हता. त्या गप्प बसण्याची त्याला लहानपणापासून जेवढी धास्ती होती, तेवढी सूर्यावरच्या कुठल्याही वादळाची नव्हती.

मग महादेवराव ट्रकमधून उतरले. थोराड, सावध माणूस. पायाखाली गळलेलं फळ येऊ नये म्हणून धोतर आवरून, निवडून पावलं टाकत आले.

"सर, मी शिकेल नाई. मले आलेख नोका दाखवू. एकच सांगा, तुमी हे संत्रं खाता का?"

इतका सरळ प्रश्न तनवीरला पीएच.डी.च्या मुलाखतीतही कुणी विचारला नव्हता. "खातो ना," म्हणत त्याने हात वर केला, बागेतलं सगळ्यांत मोठं फळ तोडलं, सोललं, फोड तोंडाजवळ नेली, आणि तिथेच थांबला.

"माझा रोजा आहे," तो म्हणाला.

वर्षातले अकरा महिने त्याने हे फळ कुणाहीसमोर हवं तेव्हा खाल्लं असतं. चाळीस माणसं त्याच्याकडे पाहत राहिली. शालिकरामनं हळूच मान हलवली, आणि ती मान सगळं बोलून गेली.

महादेवरावांनी घड्याळ पाहिलं. "मगरिबची अजान व्हाले पाऊन तास हाय ना? थांबतो मी."

तो पाऊण तास तनवीर आयुष्यात विसरणार नाही. सोललेलं संत्रं हातात घेऊन तो बाजेवर बसला होता आणि चाळीस जोडी डोळे त्या हातावर होते. हवेचं जाड पांघरूण डोक्यावर असताना यातला एकही कण वरूडला पोचत नाही, हे त्याने शंभर वेळा शिकवलं होतं. पण पोट पहाटेपासून रिकामं, घसा कोरडा, आणि हातातलं फळ हळूहळू कोमट होत चाललेलं. ते कोमट का होतंय, असा विचार त्याच्या मनात आला. हातात धरल्यामुळे, असं त्याने स्वतःला सांगितलं. स्वतःलाही ते फारसं पटलं नाही. मग त्याला लाज वाटली, स्वतःच्याच झाडाच्या फळाला आपण भ्यायला लागलो याची.

गावातून अजान ऐकू आली. नसीमबानो चाचींनी खजूर पुढे केले, पण लोक संत्र्याकडे पाहत होते. तनवीरने बिस्मिल्ला म्हणून फोड तोंडात टाकली. गोड होती, फार गोड होती. तसं तो सांगणारच होता, तेवढ्यात बी श्वासनळीत गेली.

तो खोकला. मग जोरात खोकला. डोळे लाल झाले, नाकातून पाणी आलं, हात हवेत गेले. "बाई वो, धरलं!" असं चतुराबाई ओरडली आणि धुरा रिकामा झाला. टोपल्या तिथेच राहिल्या. बी बाहेर पडून तनवीरने डोळे पुसले तेव्हा ट्रक फाटा ओलांडून गेला होता.

चाचा त्याची पाठ थोपटत होते. दुसऱ्या हातात संत्र्याची साल होती; त्याच संत्र्याने त्यांनी आपला रोजा सोडला होता, पूर्ण फळ शांतपणे खाल्लं होतं, आणि ते कुणीच पाहिलं नव्हतं. "पानी पी, बेटा," एवढंच ते म्हणाले. ते रागावले असते तर बरं, असं तनवीरला वाटलं. ज्या झाडांनी आपल्याला शिकवलं त्यांनाच आपण मारेकरी ठरवलं, या विचाराने त्याला रडू फुटलं. खोकल्याचंच आहे, असं त्याने चाचींना सांगितलं.

तो तडक एसटीडीच्या दुकानात गेला आणि त्याने फोनवर सागरला झापलं. खुलासा उद्याच छापायचा. अक्षर न् अक्षर सांगितलं: हे कण वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात नाहीत, पृथ्वीभोवतीच्या पट्ट्यांत आहेत, हजारो किलोमीटर उंच. सागरने सगळं पुन्हा वाचून दाखवलं आणि शपथ घेतली.

सकाळी पेपर आला. 'खुलासा: मारेकरी कण केवळ वरूड-मोर्शी पट्ट्यात नसून संपूर्ण पृथ्वीभोवती पसरले आहेत.' उंचीच्या जागी साड्यांचा सेल, शेवटचे दोन दिवस.

तनवीरने पेपर शर्टाच्या आत दडवला. मागच्या दाराने अमरावतीची पहिली गाडी गाठावी, अशा बेतात तो होता, तोच फाट्यावर हॉर्न वाजला. महादेवरावांचा ट्रक होता, तोंड बागेकडे. त्यांच्या हातातही तोच पेपर होता.

"जहीरभाई, हे तं साऱ्या दुनियेत हाय म्हनते," ते म्हणाले. "नागपूर, काटोल, कोनीच सुटलं नाई. मग मी काय चंद्रावरून माल आनू? लावा तोड."

बायाही आल्या. साऱ्या जगाचं जे होईल ते आपलं होईल, असं चतुराबाईने पदर खोचत जाहीर केलं आणि पहिली टोपली भरायला घेतली. चेहरे अजून उतरलेलेच होते, पण हात भराभर चालत होते. हे साफ चूक आहे, असं तनवीरच्या अगदी जिभेवर आलं. त्याने तोंड उघडलं.

"तनवीर," चाचा म्हणाले, "चूप."

संध्याकाळपर्यंत बाग रिकामी झाली आणि एकही फळ मातीत गेलं नाही.

डिसेंबरात सागरचा पुन्हा फोन आला. आकाशात उल्कावर्षाव होणार आहे म्हणे, सर, सोप्या भाषेत चार ओळी द्या. आणि त्या कोणत्या पट्ट्यात पडतील?

तनवीर म्हणाला, त्याचा रोजा आहे.

"सर," सागर म्हणाला, "ईद होऊन पंधरा दिवस झाले."

तनवीरने फोन ठेवून दिला.