रघुअण्णांचा अकरा नंबर

उत्रोलीच्या एका लग्नात रघुअण्णांनी नवरदेवाच्या मामाचा हात धरला. मामा पंगतीतून वाकून लाडवांच्या परातीत हात घालत होता. "थेट हात घालायचा न्हाई," अण्णा म्हणाले, "वाढप्याला सांगायचं. तो दील." मामा ताटावरून उठला. त्याची समजूत काढेपर्यंत वरात तासभर खोळंबली.

हे रघुअण्णा सत्तरच्या दशकात पुण्याच्या एका संस्थेत माझ्याबरोबर कॉम्प्युटरवर काम करायचे. मी भोरहून एसटीनं यायचो, ते कामथडीला चढायचे. कॉम्प्युटर खोलीभर होता. त्याचा सगळा कारभार बघणारा मुख्य प्रोग्राम, म्हणजे कर्नल, आम्ही दोघं लिहायचो. इतर प्रोग्रामांनी टेपला किंवा छपाईयंत्राला हात लावायचा नाही. काय हवं ते नंबर सांगून कर्नलकडे मागायचं. एक नंबर म्हणजे टेप वाच, दोन म्हणजे टेपवर लिही. ह्या मागणीला सिस्टिम कॉल म्हणतात. त्यांची यादी अण्णांच्या ताब्यात. नवा नंबर हवा तर साहेबांनाही अर्ज करावा लागे, आणि अण्णा त्यावर "कशापायी?" असा शेरा मारून तो परत करत.

एकदा साहेब म्हणाले, "तो अकरा नंबर काढून टाका. जुना झालाय."

"वापरात हाय."

"कोणाच्या?"

"पासलीच्या मास्तरांच्या."

हे निवृत्त मास्तर दरवर्षी गावातल्या पावसाच्या नि भाताच्या नोंदी पोस्टानं पाठवायचे. त्यांच्या सरासऱ्या काढायला अण्णांनी भोकं पाडलेल्या कार्डांवर एक प्रोग्राम लिहिला होता, आणि निघालेला छापील कागद ते मास्तरांना पाठवायचे. त्या प्रोग्रामात हा अकरा नंबर होता.

"मग तो प्रोग्राम बदला. दोन कार्डांचं तर काम!"

"मास्तरांना इचारल्याशिवाय न्हाई."

साहेबांनी कपाळाला हात लावला आणि सोमवारपर्यंत मुदत दिली. रविवारी अण्णांबरोबर मीही निघालो. वेल्ह्यापर्यंत एसटी, पुढं पायपीट. मास्तर खाचराच्या बांधावर भेटले. अण्णांनी तिथंच उकिडवं बसून त्यांना कर्नल, टेप, अकरा नंबर, सगळं समजावलं. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"काढ की," ते म्हणाले. "म्या तर तो छापील कागद वाचतबी न्हाई."

अण्णांचा चेहरा उतरला. "मग नोंदी कशापायी धाडता, मास्तर?"

"कागदाच्या खाली तू हातानं दोन वळी लिवतोस न्हवं? गुडघा कसा हाय, दूध मिळतं का. त्या वाचतो. वर्साकाठी तेवढंच एक पत्र येतं, बाबा."

सोमवारी अण्णांनी स्वतःच्या हातानं अकरा नंबर काढला, आणि दुपारी पोस्टातून अंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा घेऊन आले.

"एवढी?" मी विचारलं.

"मास्तरांना लिवाया लागतील," ते म्हणाले. मग गठ्ठा सारखा करत म्हणाले, "आई गेल्यापासनं मलाबी कुणाचं पत्र न्हाई वो."

मी त्यातलं एक मागून घेतलं आणि रघुअण्णांनाच कामथडीच्या पत्त्यावर टाकलं. एसटीत रोज शेजारी बसणाऱ्या माणसाला काय लिहावं, हे सुचायला मात्र मला दोन दिवस लागले.