झोपाळ्यावरचा हिरवा ठिपका

एक सुट्टी! यंदाच्या खात्यात माझी तेवढीच उरली होती आणि तिला हात न लावता मंगळवारी तीन तास बाहेर फिरून यायचा माझा बेत होता. खर्च किती? पायजम्याची एक जुनी नाडी. इतका फायद्याचा सौदा वाशीच्या अख्ख्या एपीएमसी बाजारात कुणी केला नसेल!

सुट्टी वाचवायची होती, कारण शुक्रवारी पेणला माझ्या मेहुण्याचा साखरपुडा. जावई हजर हवाच. शिवाय महिन्यापूर्वी सासूबाईंसमोर मी छाती फुगवून बोलून बसलो होतो, "आंबे माझ्याकडून! मार्चातला हापूस, थेट एपीएमसीतून!" आणि एपीएमसीत जायचं तर सकाळी, कामाच्या दिवशी.

मी सॉफ्टवेअर कंपनीत इंजिनियर. मंगळवारी घरून काम असतं, पण घरून म्हणजे मोकळं नव्हे. कंपनीने प्रत्येकाच्या नावापुढे एक हिरवा ठिपका ठेवलाय. पाच मिनिटं माऊस हलला नाही की तो पिवळा होतो. अर्धा तास पिवळा राहिला की अर्धी सुट्टी कट! कैद्याच्या पायातली बेडीसुद्धा याहून समजूतदार असेल.

पण आमच्या कोपरखैरण्याच्या फ्लॅटमध्ये हॉलात झोपाळा आहे. त्यावर रोज दहा ते एक माझे वडील, दिनानाथ, पेपर वाचत बसतात. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेला माणूस. बसण्यात खंड नाही! मी नाडीचं एक टोक माऊसला बांधलं, दुसरं झोपाळ्याला. माऊस मागे ओढायला डब्याचा रबर लावला. झोका गेला, माऊस गेला. झोका आला, माऊस आला. ठिपका हिरवागार!

"बाबा, तुम्ही फक्त झोके घ्या. बाकी कशाला हात लावायचा नाही."

"मिनिटाला किती?"

"काय किती?"

"झोके रे! नंतर तक्रार नको."

मी स्कूटर काढली. बाजारात तासभर घासाघीस करून दोन पेट्या मिळवल्या, पायापाशी ठेवल्या आणि सहज मोबाईल पाहिला. चौदा मेसेज! पहिला माझ्या बॉसचा, जयमाला मॅडमचा. "व्वा ऋषी! न सांगता क्लायंटकडे गेलास! हीच जिद्द हवी!"

क्लायंटकडे? मी? घरी फोन लावला.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही. तुझ्या त्या यंत्रावर फोन वाजला. तिसऱ्या घंटेपर्यंत मी कळ काढली."

"हात लावू नका म्हटलं होतं ना!"

"वाजता फोन तसाच ठेवायची सवय नाही आम्हाला. हिरवं बटण दाबलं. बाई होत्या. म्हणाल्या, ऋषी कुठाय? म्हटलं, साहेब व्हिजिटला गेलेत."

"व्हिजिटला?"

"चौतीस वर्षं हेच सांगत आलो. आमचा शिंत्रे केस कापायला गेला तरी व्हिजिटलाच असायचा. कुठे, हे कुणी कधी विचारलं नाही. पण तुझ्या बाई खमक्या. कुठे म्हणून विचारतात! मग तू रोज ज्याच्या नावाने बोटं मोडतोस तेच सांगितलं. पावणे गावातला रंगाचा कारखाना."

मी पेटीवरच बसलो.

त्या कारखान्यात ट्रकचे गेटपास आमचा प्रोग्राम छापतो. दोन महिने सकाळचे पास चालत नव्हते. ते ओरडत होते, "माणूस पाठवा!" आणि आम्ही एकेचाळीस ईमेल पाठवले होते. आता मॅडमनी हर्षाने तिथल्या मॅनेजरना, युसुफभाईंना, फोन केला होता, "आमचा इंजिनियर पोचतोच आहे!"

गेलो. करतो काय!

गेटवर युसुफभाई हात मागे बांधून उभे. त्यांच्यामागे आठ ट्रक. पाठ करून ठेवलेल्या शिव्या त्यांच्या ओठांवर आलेल्या दिसत होत्या. तेवढ्यात त्यांची नजर पेट्यांवर गेली.

"अरे वा! उशिरा आलात, पण रिकाम्या हाताने नाही!"

"नाही, म्हणजे हे आंबे खरं तर..."

"बस झाली फॉर्मालिटी! गंगाराम, सुरी आण!"

गंगाराम वॉचमनने पेटी फोडून खोल श्वास घेतला. "हापूसच हाय वो साहेब! खराखुरा!"

आठ ड्रायव्हर खाली उतरले. मी गेटवरच्या कॉम्प्युटरपुढे बसलो. त्याचं घड्याळ बारा तास मागे होतं, त्यामुळे सकाळचा पास कालच्या तारखेचा निघायचा. मी घड्याळ नीट केलं. दोन मिनिटं लागली! मान वर केली तर पहिल्या पेटीच्या कोया उरल्या होत्या आणि दुसरी युसुफभाईंनी मालकांच्या केबिनमध्ये पाठवली होती.

मग त्यांनी मॅडमना स्पीकरवर घेतलं. "मॅडम, पोरगा हिरा आहे! शुक्रवारी आमच्याकडे ऑडिट. दिवसभर यालाच बसवा."

"नक्की!"

"मॅडम, शुक्रवारी माझी सुट्टी..."

"कॅन्सल करून टाकते. टेन्शन घेऊ नकोस, तुझ्या खात्यात शिल्लकच राहील! आणि ते फोनवर बोललेले दिनानाथ कोण रे? फार शिस्तीचे वाटले. अशी माणसं सांभाळून ठेव."

घरी दारातच माझी बायको नंदिनी उभी होती.

"आंबे?"

"पावण्याला."

"आणि शुक्रवारी तू?"

"मीपण."

ती भांडली नाही. तिने शांतपणे पेणला फोन लावला. "आई, जावई आणि आंबे दोन्ही पुढच्या सीझनला. या वेळी सासरे आणते."

तर हिशेब असा. युसुफभाईंचं गेट चालू झालं. मॅडमना मालकांचं कौतुकाचं पत्र आलं. बाबा माझा नवा कुर्ता घालून साखरपुड्यात पहिल्या रांगेत बसले आणि मानाची शाल घेऊन आले. ठिपका त्या दिवशी शेवटपर्यंत हिरवा होता, हे मला मान्य केलंच पाहिजे. आणि मी वाचवलेली ती एक सुट्टी खात्यात अकरा दिवस ऐटीत बसून एकतीस मार्चला नियमाप्रमाणे बाद झाली.

कालच बाबांनी माझ्या हातात रीतसर अर्ज ठेवला. 'मंगळवारी तीन तास दहा मिनिटं विनाखंड झोके घेतल्याबद्दल बदली रजा मिळावी.'

मंजूर केली. रोजचं दूध बाबा आणतात, रविवारचं आता मी आणणार.