कंपनीच्या खर्चाने तांबी

समिधा बोलायला लागली की भल्याभल्यांची बोबडी वळते, हे दुबईतल्या अख्ख्या देराला ठाऊक होतं. तिनेच सांगितलं होतं ना! घरमालकाला तिने नमवलं होतं, मुलांच्या शाळेतल्या मुख्याध्यापिकेला गप्प केलं होतं. मग धनंजयशेठ म्हणजे किस झाड की पत्ती!

"दहा मिनिटांत गुंडाळते की नाही बघ शेठना!" तिने नवऱ्याला फोनवर सांगितलं.

नवरा राहुल अबुधाबीला, अल रीम आयलंडवर इंजिनियर. शुक्रवारी संध्याकाळी देराला घरी यायचा, रविवारी परत. तो म्हणाला, "जपून हं!"

'जपून' हा शब्द या गृहस्थाच्या तोंडून ऐकून समिधा जास्तच भडकली. कारण सगळं प्रकरण न जपण्यामुळेच उभं राहिलं होतं.

प्रकरण असं. धनंजयशेठची एसी बसवायची कंपनी. मालक-मालकिणीसकट माणसं बासष्ट, आणि त्या बासष्टांची कागदपत्रं सांभाळणारी त्यांच्यातलीच एक समिधा. कंपनीच्या आरोग्य विम्याचं नूतनीकरण आलं. सोयींच्या यादीत एक ओळ होती, कुटुंबनियोजनाची. शेठनी लाल पेनने ती उभी-आडवी कापली आणि बाजूला लिहिलं, 'आमच्या धर्मात बसत नाही.'

कोणाच्या धर्मात? तर शेठच्या गुरुमाउलींच्या. दुबई मरीनामधल्या शेठच्या फ्लॅटवर दर शनिवारी सत्संग व्हायचा. मूल हा देवाचा प्रसाद, आणि प्रसादाला नाही म्हणू नये, अशी तिथली शिकवण. शेठना स्वतःला मुलगा एकच. पण ती गुरुमाउलींची इच्छा! बाकी सगळ्यांनी मात्र दोन्ही हात पसरून प्रसाद घ्यायचा!

समिधाचे दोन प्रसाद घेऊन झाले होते. दोन्ही सिझेरियन. दुसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट बजावलं होतं, "तिसरं राहिलं तर तुझ्या जिवाची खात्री नाही." गोळ्यांनी तिचं ब्लडप्रेशर चढायचं. उरली तांबी, म्हणजे कॉपर-टी. धाकट्याच्या जन्मानंतर बसवलेल्या तांबीची दहा वर्षं याच महिन्यात संपत होती. नव्या तांबीची अपॉइंटमेंट गुरुवारी. विम्याशिवाय खर्च दोन हजार दिरहम, म्हणजे जवळजवळ पन्नास हजार रुपये!

संताप येणार नाही तर काय होईल? हे शेठ वर्षाला टनांनी तांबं विकत घेतात. एसीच्या नळ्या तांब्याच्या, देव्हाऱ्यातला कलश तांब्याचा. फक्त समिधाला हवं असलेलं चिमूटभर तांबं तेवढं अधर्माचं!

सोमवारी सकाळी ती केबिनमध्ये शिरली. मेट्रोत तिने इंग्रजी भाषण घोकलं होतं. पण आत शेठशेजारी कामगारांच्या कॅम्पचा फोरमन भिकाजी आणि सरकारी कामं बघणारा रत्नागिरीचा अन्वर बसले होते. तीन पुरुष बघताच समिधाचं इंग्रजी पळालं. उरला तो आईच्या तोंडचा शब्द.

"शेठ, मला तांबी बसवायची आहे," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "आणि खर्च कंपनीने करावा."

भिकाजीने खिडकीबाहेर बघितलं. अन्वरने फाईल नाकाला लावली. शेठ मात्र खुर्चीतून अर्धे उठले.

"तांबी! वा, समिधा, वा! हे तुम्हाला कोणी सुचवलं?"

"डॉक्टरांनी."

"बघा! शेवटी आले की नाही डॉक्टर आपल्या मार्गावर? पोटासाठी याच्यासारखं दुसरं काही नाही!"

"पोटाचाच तर प्रश्न आहे, शेठ."

"टिकते किती?"

"दहा वर्षं."

"दहाच? आमच्या आजीची साठ वर्षं टिकली!"

समिधाला क्षणभर शेठच्या आजीची कीव आली. पण डाव जिंकत असताना पत्ते कोण तपासतं? शेठ आता थांबायला तयार नव्हते.

"तुम्हाला एकटीलाच का? सगळ्यांना! पुरुषांनासुद्धा! नोटीस काढा. यादी करा, पहिलं नाव माझं घाला. दुसरं आमच्या हिचं, कावेरीचं. आणि अन्वर, हे आरोग्याचं काम आहे. विमेवाले पैसे देतात का बघ. यल्ला, लागा कामाला!"

पुरुषांना कशाला, हा प्रश्न समिधाच्या ओठांवर आला होता. तिने तो गिळला. तासाभरात नोटीस तयार झाली: 'कंपनीच्या खर्चाने सर्वांना तांबी बसवण्यात येईल.' यादीत एकसष्ट नावं झाली. आनंदाच्या भरात तिने ती एकदाच मोजली. शेठनी डोळे मिटून सही ठोकली आणि अन्वरने सगळं इंग्रजीत, तांबीचं 'कॉपर-टी' करून, विमा कंपनीला पाठवलं. विमा कंपनीने लाल रेघेने कापलेली ओळ पुन्हा जोडून टाकली. कॉम्प्युटरला बाई कोण आणि बाप्या कोण, काय कळतंय!

मंगळवारी दुपारी भिकाजी केबिनमध्ये धापा टाकत आला. नोटीस कॅम्पात लागली होती.

"शेठनू, पोरा माझो जीव खातत! म्हणतत, आमका तांबी कित्याक? आणि बसवतले तरी खंय?"

"खंय म्हणजे? उशाशी! रात्री भरून ठेवायची, सकाळी उठल्याउठल्या तोंडाला लावायची!"

"तोंडाक?" भिकाजीने खुर्चीचा हात घट्ट धरला. "शेठनू, म्हयन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर बायल दिसता आमका! तेच्यासाठी तांबी?"

आता शेठ गोंधळले. अन्वर पुढे झाला आणि त्यांच्या कानाशी लागला. शेठचा चेहरा आधी गुलाबी झाला, मग लाल, मग थेट जांभळा.

"समिधा! तुम्ही मला फसवलंत!"

"मी? मी शुद्ध मराठीत बोलले, शेठ!"

"मी पाण्याच्या तांबीबद्दल बोलत होतो! आजीच्या!"

"तरीच म्हटलं, साठ वर्षं कशी टिकली!"

"खलास! रद्द करा सगळं! अन्वर, तू तरी पाच वक्तांचा नमाजी ना? सांग हिला!"

"शेठ," अन्वर शांतपणे म्हणाला, "माझा नमाज मी पढतो. दुसऱ्याच्या गुडघ्यांनी नाही पढत."

"कंपनी माझी, पैसा माझा, धर्म माझा!" शेठनी टेबलावर हात आपटला.

"आणि पोट?" समिधा ओरडली. तिचं सगळं भाषण आत्ता परत आलं होतं, तेही मराठीत. "पोट माझं आहे, शेठ! मी तुमच्या सत्संगाला येऊन तुमचा उपास मोडते का? मग तुम्ही माझ्या दवाखान्यात का शिरता? मी मेले तर माझ्या पोरांना गुरुमाउली डबा करून देणार आहेत?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याचाही तिला राग आला होता.

पण शेठ हटेनात. रद्द करायचं तर दोन्ही मालकांच्या सह्या लागायच्या, म्हणून त्यांनी शेजारच्या खोलीतून बायकोला हाक मारली. कावेरीवहिनी आल्या, कागद वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"मी नाही सही करणार."

"का?"

"पुढच्या मंगळवारी माझी बदलायची आहे."

"काय बदलायची आहे?"

"तेच. कागदावर लिहिलंय ते."

शेठ खुर्चीत बसले. "मग गेली दहा वर्षं... ती गुरुमाउलींची इच्छा..."

"गुरुमाउलींना कशाला त्रास द्यायचा?" वहिनी म्हणाल्या. "माझीच होती."

विमा जसाच्या तसा राहिला. अब्रू झाकायला शेठनी बुधवारी देराच्या बाजारातून खरोखरच्या तांब्याच्या बासष्ट तांब्या आणून वाटल्या. समिधाने आपली तांबी, कडेवर मूल घ्यावं तशी, मिरवत घरी नेली.

गुरुवारी ती ऐटीत दवाखान्यात गेली. काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटर दोनदा बघितला.

"सॉरी मॅम, तुमचं अप्रूव्हल नाही."

समिधाने तिथूनच अन्वरला फोन लावला. त्याने यादी काढून वाचली. "धनंजयशेठ, मंजूर. कावेरीवहिनी, मंजूर. भिकाजी, मंजूर. मी, मंजूर. मॅडम, एकसष्ट जणांना तांबी मंजूर आहे. यादीत तुमचंच नाव नाही! यादी कोणी केली?"

समिधाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आज नाव घातलं तर किती दिवस?" तिने विचारलं.

"सुट्या नावाला पंधरा. इन्शाल्ला."

शुक्रवारी संध्याकाळी राहुल हसत हसत घरात शिरला. "काय मग, गुंडाळलंस शेठना?"

"मम्मा," धाकट्याने विचारलं, "व्हाय इज बाबाज पिलो ऑन द सोफा?"

समिधाने कंपनीच्या खर्चाची तांबी काठोकाठ भरली आणि सोफ्याच्या उशाशी नेऊन ठेवली.

"पाणी पी," ती नवऱ्याला म्हणाली. "पंधरा दिवस हीच तांबी."